मेलबर्नला निघालेलं माहेर

विमानाने माणसांमधले अंतर संपवले आहे, असे मी अनेक ठिकाणी वाचले होते. अणदूरहून हैदराबादच्या एसटीत बसलो, तेव्हा शेजारच्या बाई विमान गाठायला निघाल्या होत्या. अंगावर नऊवारी, पायात नवे कोरे बूट आणि मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. खड्डा आला की त्या आधी डबा धरत आणि मग स्वतःला सावरत.

"भाऊ, मेलबर्नला किती येळ लागतोय?"

"नऊ हजार किलोमीटरच्या वर आहे. मध्ये विमान बदलायचं, म्हणजे पाऊण दिवस तरी धरा."

"मग पोचते म्या. लेकीला आठवडा हाय अजून. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, पर डाक्टर तिला विमानात बसू देईना. म्हणून माहेरच घेऊन निघाले."

उमरग्याच्या स्टँडवर जावयाचा फोन आला. त्या नुसत्याच "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून मला म्हणाल्या, "पोरगी झाली. दोघी चांगल्या हायत."

"म्हणजे बाळंतपण हुकलंच की तुमचं."

"आवो, हुकतंय कसं? सव्वा महिना दोघींना न्हाऊ-माखू घालायचंय. डाक्टर मोकळा झाला, माझं आता सुरू झालं."

त्यांनी डबा उघडून माझ्या हातावर एक लाडू ठेवला आणि दुसरा मागायच्या आत झाकण लावले.

नात मेलबर्नला पोचली होती. आमची बस अजून धाराशिव जिल्ह्यातच होती.