सरांची चूक मी जपून ठेवली

अमरावतीच्या लॅबमध्ये मी यीस्टच्या पेशी वाढवायचे. पेशीत जनुकाची नक्कल काढणारं एक यंत्र असतं. ते डीएनएवरून धावत जातं आणि मागे आरएनएचा धागा सोडतं. जनुक संपलं की धागा कापला जातो, मग यंत्र खाली उतरतं. ते कशामुळे उतरतं, हा माझा विषय. एक विशिष्ट प्रथिन काढून टाकलं तर यंत्र थांबतच नाही, सरळ शेजारच्या जनुकात घुसतं, हे मला दिसलं तेव्हा मी मोर्शीला अब्बांना फोन केला. अब्बा संत्र्याचे व्यापारी. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मंडीत पेढे वाटले.

माझे मार्गदर्शक सर बोलायला फार गोड. त्यांनी माझे सगळे निष्कर्ष मागून घेतले. मग काही महिने त्याबद्दल चकार शब्द नाही.

एका सकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले ती एक नवी गोष्ट सांगायला. टेबलावर माझ्याच निष्कर्षांवरचा, छापून आलेला शोधपेपर होता. नावं दोनच. सरांचं, आणि नुकत्याच लॅबमध्ये आलेल्या त्यांच्या सुनेचं. तिनं त्या पेशी कधी हातातसुद्धा घेतल्या नव्हत्या.

"सर, माझं नाव?"

"शेवटी आभारात आहे ना. अगं, तू उद्या लग्न करून जाशील. तिला इथंच राहायचंय."

मी पेपर उभ्याउभ्याच वाचला. हे प्रथिनच धागा कापतं, असं सरांनी ठोकून दिलं होतं. आणि मी सांगायला आले होते ते नेमकं उलटं. प्रथिन नसतानाही धागा नीट कापला जात होता. बिघाड त्याच्या पुढे, यंत्र खाली उतरण्यात होता.

"तू काही सांगायला आली होतीस का?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

मी अमरावती सोडली. अकोल्याच्या एका कॉलेजातल्या मॅडमनी मला पीएचडीसाठी घेतलं. तिथं मी तोच प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केला, मग निराळ्या पद्धतीनं केला, कुठं बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. तिकडे सर त्या पेपरवर व्याख्यानं देत हिंडत होते. त्यांच्या सत्काराचा फोटो वर्तमानपत्रात आला की मला बरं वाटायचं. चढू दे अजून वर, असं मनात म्हणायचे.

मग आमच्याच कॉलेजात परिसंवाद ठरला आणि सर प्रमुख पाहुणे म्हणून आले. पहिल्या रांगेत बसले. मी मंचावर उभी राहिले आणि एकेक चित्र सावकाश दाखवलं. कापलेला धागा पडद्यावर आला तशी सरांच्या हातातली पाण्याची बाटली तोंडाशी जाता जाता थांबली.

शेवटी त्यांनीच विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"तुमच्याच लॅबमध्ये, सर. त्या दिवशी केबिनमध्ये तेच सांगायला आले होते."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. नजर त्यांनी खाली घेतली.

जेवताना मॅडम हळूच म्हणाल्या, "तवाच काहून नाई सांगतलं तू त्याले?"

"सांगतलं असतं तर तेबी त्याच्याच नावानं छापलं असतं, मॅडम."

पुढे माझा पेपर आला, आणि सरांवर त्यांचा मागे घ्यायची वेळ आली. तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज तोच, गोड. "आपण दोघांच्या नावानं दुरुस्ती छापू या का? तुझंही भलं होईल."

"चूक तुमची आहे, सर. तुमच्याच नावानं राहू द्या."

अब्बा शेजारी बसून ऐकत होते. "अब दिल ठंडा हुआ?" त्यांनी विचारलं.

"थोडा," मी म्हणाले. अब्बांना वाटलं, मी गंमत करतेय.