जहाजाची पारख

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. वास्तविक गुन्हा उघडकीस आला, आरोपी सापडला, साहेबांनी पाठही थोपटली. तरी चांगल्या तपासांबद्दल कुणी विचारलं तर ही केस मी सांगत नाही. आज लिहितो आहे, कारण त्यातली बहुतेक माणसं आता राहिली नाहीत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अल्लीपूरच्या बाजूच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. एका हंगामात कपाशीवर फवारणी करायला विमान येऊन गेलं आणि आमच्या हद्दीतल्या एका मोठ्या गावाच्या डोक्यात ते शिरलं. तिकडे विमानाला जहाजच म्हणत. दुसऱ्याच्या विमानाची वाट बघत बसण्यापेक्षा आपलंच घेऊ, असं बियाणं-औषधांच्या एका दुकानदाराने काढलं. दहा-बारा सधन कास्तकारांनी वर्गणी केली. नवं विमान घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती, म्हणून वापरलेलं बघायचं ठरलं. आपली फवारणी झाली की शेजारच्या गावांना भाड्याने द्यायचं, असा बेत होता. नागपूरचा एक दलाल भेटला, त्याने हंगामापुरता वैमानिक आणून देण्याचंही कबूल केलं.

आता जुनं विमान निवडायचं कुणी? गावाला प्रश्न पडलाच नाही. त्यांच्याकडे काका होते. पंचक्रोशीत बैलजोडी घ्यायची तर काकांना घेतल्याशिवाय कुणी बाजारात जात नसे. काका बैलाच्या पाठीवरून, खुरांवरून, दातांवरून हात फिरवत आणि मग हो किंवा नाही एवढंच बोलत. त्यांचा हात जनावरावर असेपर्यंत सोबतच्यांनी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. मध्येच कुणी बोललं की विकणारा सावध होतो आणि सौदा फिसकटतो. विमान झालं तरी वापरलेलाच माल, असा हिशेब करून मंडळी काकांना गाडीत घालून एका ओस धावपट्टीवर घेऊन गेली.

तिथे तीन विमानं उभी होती. एक ऐपतीबाहेरचं. दुसरं परवडणारं, पण काच तडकलेली, आतली गादी फाटलेली. तिसरं त्याहून स्वस्त आणि निळ्या रंगात चकाचक. काकांनी तिन्हींवरून नाकापासून शेपटापर्यंत हात फिरवला, इंजिन सुरू करायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि निळं घ्या म्हणाले. मंडळींनी पैसे मोजून दिले.

पंख सुटे करून विमान ट्रकने आलं. जोडणी झाली, वैमानिक आला, पंखाखाली वाकला आणि उठून हात झटकले. तळहातापेक्षा मोठं थिगळ होतं. कापड उचकटलं तर आतलं लाकूड कुजलेलं. विमान कधीतरी पडलेलं होतं. त्या भल्या माणसाने मला नंतर सांगितलं की जुन्या विमानाचा रंग सगळ्यात शेवटी पाहायचा. इंजिन किती तास चाललं, कधी उघडलं, कापडाखाली काय आहे आणि उड्डाणाचा दाखला कुठवर चालू आहे, हे आधी. त्या हिशेबाने फाटक्या गादीचं दुसरं विमान उत्तम होतं.

दलालाने गाशा गुंडाळला होता. दुकानदार ठाण्यावर आला, त्याने फिर्याद दिली आणि दलालासोबत काकांचंही नाव घातलं. त्याच संध्याकाळी माझ्या खबऱ्यानेही कानात तेच सांगितलं, की म्हातारा दलालाला सामील होता, त्याने दलाली खाल्ली. फसवणुकीचा गुन्हा नोंदवून मी काकांना बोलावून घेतलं.

पांढरं धोतर, स्वच्छ टोपी. बाकावर ताठ बसले. मी चौकशी सुरू करायच्या आधीच म्हणाले, "हो साहेब. खाल्ले मी पैसे. लिवून घ्या."

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो. पैसे खाल्लेला माणूस घासाघीस करतो. आधी नाही म्हणतो, मग थोडे म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो. हे गृहस्थ सगळं एकदम कबूल करत होते, पण पैसे कुठे ठेवले, दलालाने ते कुठे दिले, यातलं काही धड सांगता येईना. ही कबुलीच खोटी असावी, असा मला संशय आला.

सौद्याच्या दिवशी दुकानदाराने फोटो काढून घेतला होता, तो पुराव्यात जमा होता. मी हवालदाराला तो काकांपुढे ठेवायला सांगितला. काकांनी फोटो हातात धरला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हेच जहाज. हे थिगळ मले तवाच दिसलं होतं. तरी घेतलं."

हवालदाराचा चेहरा पडला. त्याने घाईत भलताच फोटो दिला होता. त्या फोटोत आमच्या ठाण्याची वार्षिक तपासणी होती, शिपाई ओळीने उभे होते.

मी काकांच्या डोळ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती. मी हळूच विचारलं, किती दिसतं? त्यांनी फोटो चाचपत खाली ठेवला. मग म्हणाले, "उजेड दिसते. मानूस आला तं सावली दिसते."

"मग चोरी कबूल का केली?"

"चोराले लोक शिव्या देतात साहेब. आंधळ्याची कीव करतात. मले चोर लिवा, पन हे लिवू नका." त्यांनी हात जोडले आणि ते रडायला लागले.

ते लिहिल्याशिवाय त्यांना सोडवता येत नव्हतं. काकांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मी गावच्या मंडळींना आत घेतलं. दार मी लावलं नाही. ते मला सुचलंच नाही.

मी मंडळींना झापायलाच घेतलं. त्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, तुमचे डोळे तर शाबूत होते. ते थिगळ एकालाही दिसलं नाही? दुकानदार जमिनीकडे पाहत म्हणाला की दिसलं होतं, सगळ्यांनाच. पण काकांचा हात विमानावर होता, मध्ये कसं बोलायचं?

मग त्यांच्यातला एक वयस्कर कास्तकार पुढे आला. "साहेब, काकाले दिसत नाई हे आमाले मालूम आहे. कईपासूनच मालूम आहे. बाजारात आमी दोघं-तिघं आगोदर जाऊन जोडी पाहून ठेवतो, मंग काकाले तिथंच नेतो. जोडी खराब असली तं चहाले चला म्हनून दुसरीकडं नेतो. त्यायचा मान राह्यते. बैल आमाले समजते. जहाज कोनाले समजते? आमाले वाटलं, काकाच्या हाताले समजन."

फिर्यादीत खोटं का घातलं, हेही आपसूक कळलं. जाणूनबुजून आंधळ्या माणसाला विमान निवडायला नेलं, हे कोर्टात कोण सांगणार? त्यापेक्षा म्हातारा चोर होता हे सांगणं सोपं होतं. दोन्ही बाजू लाजेपोटी एकच खोटं बोलत होत्या आणि मी ते नीट टिपून घेत होतो.

बाहेर आलो तेव्हा काका बाकावर तसेच ताठ बसले होते. टोपी मात्र त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मंडळी एकामागून एक त्यांच्या बाजूने खाली मान घालून निघून गेली.

दलाल पुढे सापडला आणि त्याला शिक्षा झाली. काकांचं नाव दोषारोपपत्रातून मी काढलं. ते निर्दोष होते हे कागदावर सिद्ध झालं आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की माणूस भीतीने खोटं बोलतो. या केसने शिकवलं की लाजेने तो जास्त खोटं बोलतो, आणि ते खोटं फोडण्याआधी पोलिसाने दार लावून घ्यावं.

बदली होऊन जाण्याआधी मी काकांकडे गेलो. ऐकलं होतं की ते आता बाजारात जात नाहीत. मंडळी बोलवायला येतात, हे परत पाठवतात. अंगणात बाजेवर बसले होते. मी आवाज दिला तसं त्यांनी ओळखलं. मी म्हणालो, शहरात डोळ्यांचं ऑपरेशन होतं, मी सोय करतो, पुन्हा दिसायला लागेल. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमी मले चोरीतून सोडवलं, तुमचे उपकार हायेत," ते म्हणाले. "पन मी चोर होतो, तवा ते सगळे बैल मीच निवडलेले होते."

नमस्कार करून मी परत फिरलो.