पल्लवीच्या ड्रोनची पूजा

आमच्या घराण्यात आजवर कुणी विमान पाडलेलं नव्हतं. तो मान माझ्याकडे आला.

विमान म्हणजे ड्रोन, उसावर औषध फवारणारा. आमची पल्लवी बारामतीला इंजिनिअरिंगला आहे. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी कॉलेजच्या मॅडमच्या हाताखाली कितीतरी महिने खपून तो बनवला. त्या दिवशी दुपारी चारला बाहेरचे परीक्षक आमच्या कळस गावच्या रानात येऊन तो उडताना बघणार होते. नीट उडाला तर पोरी राज्याच्या स्पर्धेला जाणार, नाहीतर सगळी मेहनत कॉलेजच्या कपाटात. मी आठ दिवस आधीपासून गावभर सांगत सुटलो होतो. (कटिंगच्या दुकानात तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा गिऱ्हाईक कमी होतं.)

सकाळी पोरींनी घरापुढं ड्रोन मांडला, एकेक स्क्रू तपासला आणि मॅडमसकट पोहे खायला आत गेल्या. बाहेर उरलो मी आणि ते नवं कोरं यंत्र. आता तुम्हीच सांगा, ट्रॅक्टर आणला तेव्हा पूजा केली, कडबाकुट्टी आणली तेव्हा केली, बायकोच्या मिक्सरलासुद्धा हळदीकुंकू लावलं. आणि पोटच्या पोरीनं स्वतःच्या हातानं केलेलं यंत्र तसंच उडवायचं? मनाला पटेना. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. कुंकू कपाळाला लावायचं, पण याचं कपाळ कुठं? वाकून बघितलं तर पोटाखाली रुपयाएवढी चकचकीत काच दिसली. म्हटलं, हेच. ओलं कुंकू अंगठ्यानं चांगलं दाबून लावलं.

पोरी बाहेर आल्या, हार बघून हसल्या आणि तो काढून ठेवला. पोटाखाली कोण बघतंय? तपासणी तर आधीच झालेली. चारच्या आधी एकदा सराव म्हणून पल्लवीनं रिमोट हातात घेतला. ड्रोननं उसाच्या शेंड्यापासून हातभर वर थांबायचं ठरलं होतं. हा गडी विजेच्या खांबाच्या वर गेला तरी थांबेना! शेजारचे बबनतात्या कौतुकानं म्हणाले, "लई दम हाय की ह्याच्यात." पल्लवीनं घाम गाळून त्याला खाली ओढला आणि तो धाडकन उसात पडला. दोन पंखे गेले, एक दांडा मोडला. सकाळचे अकरा वाजले होते.

मॅडम शांत. म्हणाल्या, तुटलेलं नंतर जोडा, आधी चूक शोधा, मी हात लावणार नाही. उंची सांभाळायचा प्रोग्राम पल्लवीनं लिहिलेला, म्हणून ती लॅपटॉप घेऊन बसली. तासभर खालीवर केलं, चूक सापडेना. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझंच चुकलंय कुठंतरी. परीक्षकांना येऊ नका म्हणून कळवूया."

"अगं, प्रोग्राम ठीक दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "जमीन किती खाली आहे हे ती पोटाची काच मोजते. ती का चुकली, एवढंच कळत नाही."

मी माझ्या लाल अंगठ्याकडं बघितलं. गप्प बसलो असतो तर बसलो असतो, पण पोरीचे डोळे बघवेनात.

"मॅडम," मी विचारलं, "त्या काचंला कुंकू लावलं तर चालतं का?"

मी अंगठा दाखवला. काच झाकल्यामुळं ड्रोनला वाटत राहिलं की जमीन पोटाला टेकलीय, म्हणून बिचारा वर वर पळत होता.

"पप्पा," पल्लवी म्हणाली, "बाजेवर बसा. हात मांडीवर." आणि आईला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. आमची ही शेंगा फोडत शेजारी येऊन बसली. हललात तर बघा, म्हणाली.

पोरींनी जवळचे जादा पंखे लावले, दांडा बदलला. काच पुसून झाल्यावर मॅडमनी विचारलं, उद्या एखाद्याच्या रानात तिच्यावर चिखल बसला तर? मग पल्लवीनं परत लॅपटॉप उघडला. काच झाकलेली असली तर पंखे फिरणारच नाहीत, अशी सोय तिनं तीन वाजेपर्यंत करून टाकली. मी बाजेवरून तिची भरभर चालणारी बोटं बघत होतो. पोरीचा एवढा अभिमान आणि स्वतःची एवढी लाज मला एकाच दिवशी कधी वाटली नव्हती.

चारला परीक्षक आले. पल्लवीनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. (लपवणार कसं? मी बाजेवर होतोच.) परीक्षकांनी मुद्दाम काचेवर हात धरला, पंखे हलले नाहीत. हात काढला, ड्रोन उठला, ठरल्या उंचीवर थांबला, साध्या पाण्यानं सरीन्‌सरी भिजवून जिथून उठला तिथंच येऊन बसला. पोरी राज्याच्या स्पर्धेला निवडल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण आधी हिची परवानगी घेतली.

पुढं त्यांनी अहवाल छापला. त्यात 'उड्डाणातले धोके' असं एक पान आहे. जोराचा वारा, विजेच्या तारा, पक्षी, आणि चौथ्या नंबरला माझं नाव, गावासकट. आमच्या घराण्यात छापून नाव आलेला मी पहिलाच, त्यामुळं ते पान लॅमिनेट करून बैठकीच्या खोलीत लावलंय.