पोंपेईची टाकी आणि आमची विहीर

रिंगाच टाकायच्या! परवा सकाळपर्यंत मी हेच म्हणत होतो. पण आमचे बाबा ऐकतील तर ना... दोन महिने फोनवर तोच विषय. विहिरीला जांभ्या दगडाचा चिराच पाहिजे म्हणे.

आमची विहीर कोकणात, वालावलला, घरामागच्या माडांत. गेल्या पावसात एका बाजूचं बांधकाम आत कोसळलं. तेव्हापासून आई शेजारच्या काकींकडून कळशीने पाणी आणते. सिमेंटच्या रिंगा चार दिवसांत बसतात, खर्च पण कमी. पण बाबा पडले गवंडी. "माझ्या बापाशीन बांधलेली बांय ती. रिंगा घालून तिचा गटार करतलंस?" मी पण त्यांचाच मुलगा... पैसेच अडवून धरले.

तर परवा आमचं जहाज नेपल्सला लागलं. मी किचनमध्ये भांडी घासतो. पाच तासांची सुट्टी मिळाली, बाकीची मंडळी वायफाय शोधत बसली. मला एका जागी बसवत नाही. ट्रेन पकडली आणि पोंपेईला गेलो.

रोमन लोकांचं अख्खं गाव, दोन हजार वर्षांपूर्वी राखेत गाडलेलं. दगडी रस्त्यावर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या अजून तशाच. एवढं घाईघाईत काय नेत असतील रोज?

एका भिंतीत चुना दिसला आणि हात गेलाच... घरची सवय, किल्लीने खरवडून बघायचं की किती पक्का आहे. लांबून शिट्टी वाजली. गार्ड धावत आला, मी सॉरी सॉरी करत किल्ली खिशात टाकली. चूक माझीच. पण चुना जराही सुटला नाही हो!

पुढे एका घराच्या चौकात विहिरीसारखं दगडी तोंड. कडेला दोरीने घासून पडलेल्या खाचा, डिट्टो आपल्याकडे असतात तशा. जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारला... आत गुळगुळीत गिलावा, एक फट नाही. म्हटलं, सापडला रिंगांचा पुरावा! लगेच बाबांना व्हिडिओ कॉल.

"बघा बाबा, आतसून सगळा बंद. दोन हजार वर्सां झाली, काय झाला नाय!"

बाबांनी चष्मा लावला. आईला हाक मारली, "गो, हंय ये, झील खंय पोचलो बघ." झील म्हणजे मुलगा, मी. मग मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "पाणी खंयसून येता तेच्यात?"

तेवढं मला माहीत होतं. एका गाईडच्या घोळक्यामागे फुकटात उभं राहून ऐकलं होतं. छपराला मधोमध मोठं भोक, त्यातून पडलेलं पावसाचं पाणी खाली साठतं. तसं सांगितलं.

"मगे ती टाकी, बांय न्हय. आतला पाणी भायर जाव नये म्हणान बंद केली. आमच्या बांयत पाणी बाजूच्या झऱ्यांतसून येता. रिंगा घातलंस तर येतला खंयसून, तुझ्या मोबायलातसून?"

मागे आई हसली.

खरं तर हे मला माहीत होतं... लहानपणी विहीर उपसायला खाली उतरायचो, तेव्हा चिऱ्यांच्या फटींतून गार पाणी खांद्यावर पडायचं. स्वतः भिजलेला माणूस मी. आणि दोन महिने चार दिवसांचं काम, कमी खर्च, हेच घेऊन बसलो होतो.

बाबांचं लक्ष मात्र गिलाव्यावरच. "काम बरा केल्यानी हां... गवंडी कोण होतो, लिवलेला आसा काय खंय?"

मी सगळ्या पाट्या शोधल्या. घरमालकाचं नाव होतं, गवंड्याचं नव्हतं. तसं सांगितल्यावर म्हणाले, "नसतलाच," आणि फोन आईकडे दिला.

परतीच्या ट्रेनमध्ये तेच डोक्यात फिरत होतं. निदान आमचा गवंडी कोण आहे ते मला माहीत आहे, आणि तो अजून माझा फोन उचलतो.

बाबा, चिरे सांगून टाका. पावसाआधी काम व्हायला पाहिजे. आज पाठवतोय, पंचावन्न हजार.