चवीची वही

मॅडमनी वाटी दोन बोटांनी कडेला धरली. नाकाजवळ नेली. आणि माझ्यासमोर मोरीत उपडी केली. मग खुर्चीत बसल्या, वही ओढली आणि लिहिलं, ‘चव उत्तम. मीठ बरोबर.’ खाली झोकदार सही. चमचा कोरडाच. तो धुवायलाही लागला नाही.

त्या खिचडीत मी मीठ टाकायचं विसरले होते. तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं.

आमचं केंद्र अंबरनाथ पूर्वेला. एका खोलीत एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं, दुसऱ्या खोलीत दिवसभर सांभाळायला ठेवलेली म्हातारी माणसं. पोषण आहाराचं धान्य सरकारकडून येतं. स्वयंपाक मी करते. वाढण्याआधी कुणीतरी मोठ्या माणसानं खाऊन बघायचं आणि चवीच्या वहीत सही करायची, असा नियम. ते काम मॅडमचं. केंद्र त्याच चालवतात.

मी परभणीकडची. सहावीत शाळा सुटली. नवऱ्याला इथं कंपनीत काम लागलं म्हणून आले. इथं माझं कुणी नाही. मॅडमनी ओळख ना पाळख, मला कामावर घेतलं. माझ्या पोरीलाही त्याच पंगतीत बसवलं. हे मी विसरलेली नाही. त्यांच्या चपलांचा आवाज आला की माझा हात आपोआप पदर सारखा करायला जायचा.

सुरुवातीला त्या खायच्या. बोट चाटून म्हणायच्या, “हाताला चव आहे हं तुझ्या.”

मग चौदा एप्रिल आला. कंपन्या चालू म्हणून केंद्रही चालू. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, घरी जाऊन पांढरी साडी नेसले आणि पोरीला न्यायला परत आले. मॅडमनी वरपासून खालपर्यंत बघितलं. “अगंबाई, तुमच्यात असतं होय हे? आडनावावरून वाटलं नाही.” हसून म्हणाल्या. मीही हसले.

का हसले?

दुसऱ्या दिवसापासून त्यांना अ‍ॅसिडिटी झाली. वाटी हुंगायच्या, सही करायच्या. आणि मला म्हणाल्या, “तूही आधी चाखत जाऊ नकोस गं. पातेलं उष्टं होतं. मुलांचं अन्न आहे.”

मी मान हलवली. वर त्यांच्यासाठी ओवा भाजून पुडी बांधून नेली. आठ दिवसांनी ती पुडी खिडकीत दिसली. गाठसुद्धा सोडलेली नव्हती. तरी मनाला म्हटलं, विसरल्या असतील. गरज असली की माणूस दुसऱ्याची कारणं स्वतःच शोधून देतो.

तर, त्या खिचडीच्या दिवशी. पंगत बसली. लेकरं चिवडत राहिली. माझ्या पोरीनं ताट पुढं सरकवलं आणि माझ्याकडं बघत बसली. तेवढ्यात पलीकडून सिंधी काका ओरडले. हे काका उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये दुकान चालवायचे. आता मुलाकडं इथं असतात. जिभेला हाड नाही.

“ए बेटी! आज नमक छुट्टी पे गया क्या?”

शेजारच्या आजी म्हणाल्या, “अहो, तुम्हाला डॉक्टरनी मीठ बंद केलंय ना? खा गपचूप.”

“मेरा बंद किया है, पूरे मोहल्ले का थोडी!”

सगळे हसले. मी पातेल्यातली खिचडी तोंडात घातली. अळणी. ठार अळणी. मिठाची वाटी घेऊन पानापानाशी फिरले. प्रत्येकाची माफी मागितली. चूक माझीच होती.

मग वही उघडली. ‘मीठ बरोबर.’

त्या दोन शब्दांपाशी मी उभीच राहिले. अ‍ॅसिडिटी नव्हती. कधीच नव्हती. आज मिठावर भागलं. उद्या डाळीत पाल पडली तरी ‘चव उत्तम’च लिहितील. माझ्या हातचं ओठाला लागू नये, म्हणून इतक्या लेकरांची, म्हाताऱ्यांची राखण सोडून दिली. त्यात माझी पोरगीही आली. आणि मी ओवा भाजत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांच्यादेखत मी आधी चमचाभर खाल्लं. मग दुसरा चमचा त्यांच्या वाटीत ठेवला.

“मॅडम, खाऊन सही करा.”

“काय?”

“काल मीठ नव्हतं. वहीत मात्र आहे.”

“सहावी नापास बाई मला नियम शिकवणार?”

“नापास नाही. शाळा सुटली.”

“उपकार विसरलीस.”

“नाही विसरले. म्हणून तर इतके दिवस गप्प होते.”

“उद्या दुसरी बाई आणीन.”

पोरीची पंगतीतली जागा डोळ्यांपुढं आली. पण तोंडातून निघून गेलं, “आणा. तिच्या हातचं तरी खाऊन बघा.”

मॅडम आत निघून गेल्या. वाटी तशीच. पंगत खोळंबलेली. मी ती वाटी काकांपुढं नेली. त्यांनी खाल्लं, बोट चाटलं. “नमक ड्यूटी पे आ गया.” वहीत त्यांनी त्यांच्या लिपीत सही केली. सहीच्या वर मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं, ‘मॅडमनी खाल्लं नाही.’

मला अजून काढलेलं नाही. काढतीलही. चपलांचा आवाज आला की छाती अजून धडधडते. पण हात आता पदराकडं जात नाही, चमच्याकडं जातो. आधी मी खाते, त्यांच्यादेखत. मग वाटी पुढं ठेवते. त्यांनी खाल्लं तर त्यांची सही. नाही खाल्लं तर माझं वाक्य. वही भरेपर्यंत. ती भरली की दुसरी.