कासिमचाचांचा कान आणि टँकरचा काटा

शिवरामशेठच्या यार्डात कासिमचाचांचा कान प्रसिद्ध होता. तळोज्याच्या कारखान्यांना शेठचे टँकर लागत, आणि टँकरांना कासिम. गाडी फाटकातून आत येण्याआधीच तो सांगे, अमुक बेअरिंग गेलंय, तमुक नॉझल टपकतोय. शेठ ही गोष्ट पाहुण्यांना अशा थाटात ऐकवी, की जणू हा कान त्यानेच खास ऑर्डर देऊन बनवून घेतलाय.

आता खरं सांगायचं, तर १९८६ साली त्या कानात काही उरलं नव्हतं. वयाच्या पंधराव्या वर्षापासून कासिम डिझेल इंजिनांना चिकटून उभा होता. चाळीस वर्षांत इंजिनांनी आपलं वसूल केलं. समोर बसून, तोंडाकडे बघत कोणी बोललं तर त्याला कळे. इंजिन सुरू झालं की सगळं बंद. घरी आरिफा, त्याची बायको, हाताने खुणा करायला आपोआप शिकली होती. पहिलं वर्ष त्याला याचं फार वाईट वाटलं. नंतर वाईट वाटणंही थांबलं. जेवायचं, कामावर यायचं, पाना फिरवायचा, परत जायचं. कोणी हसलं तर हसायचं.

काम निभत होतं ते एका मीटरमुळे. शेठच्या प्रत्येक टँकरला इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर होतं. ट्यूनिंग करताना कासिम मान कलती करून, डोळे मिटून उभा राही आणि बघणारे म्हणत, पाहा, कसा जिवाचा कान करून ऐकतोय. डोळे पुरते मिटलेले नसत. पापण्यांच्या फटीतून तो काटा बघत असे.

मार्चमध्ये जयप्रकाशच्या टँकरचं इंजिन बसलं. जयप्रकाश हा दिघ्यात राहणारा, मूळ नांदेडकडचा ड्रायव्हर; बोलायला हळू, गाडी चालवायला त्याहून हळू. अपघातात चेपलेल्या एका लॉरीचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणून कासिमने त्याच्या टँकरला चढवलं. पहिल्या सेल्फला इंजिन सुरू झालं. गिअर पडले, चाकं फिरली. फक्त फेऱ्यांचा काटा शून्यावर आडवा पडून राहिला.

"मरू द्या तो काटा," शेठ म्हणाला. "सोमवारी ॲसिड उतरवायचंय. पंप हजार फेऱ्यांवर धरायचा, बस्स. तुमचा कान आहे की! तुम्हीच जा सोबत."

टँकरचा पंप इंजिनावरच चालतो. फेरे वाढले की दाब वाढतो, दाब वाढला की होज, म्हणजे ॲसिडचा रबरी पाइप, सुटतो, आणि होज धरून उभा असतो जयप्रकाश. कासिमला हे सगळं लख्ख समजत होतं. तरी तो "बघतो" एवढंच म्हणाला आणि बॉनेटमध्ये शिरला. काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही.

इंजिनापासून मीटरपर्यंत एक नळी जाते. तिच्या आत फिरणारी तार असते. इंजिन तार फिरवतं, तार काटा हलवते. इतकं सोपं काम. शुक्रवारी त्याने तार इंजिनाकडून सोडवली आणि चिमटीत धरून फिरवली. काटा हलला. म्हणजे मीटर चांगलं, तारही चांगली. मग बॅटरीच्या उजेडात इंजिनाचं तोंड बघितलं. तार जिथे बसते तो चौकोनी खाचा छान फिरत होता. सगळं जोडून नट आवळला, इंजिन सुरू केलं. काटा शून्यावर. शनिवारी त्याने हेच पुन्हा केलं. मीटर बदललं. तार धुऊन ग्रीस लावलं. शून्य. आजूबाजूचे ड्रायव्हर उभे राहून बघत, एकमेकांकडे बघत, आणि चहाला निघून जात.

रविवारी दुपारी इंजिन चालू ठेवूनच त्याने पाना खाली ठेवला. जयप्रकाश फूटबोर्डवर बसला होता.

"उद्या मी येनार नाय," कासिम म्हणाला. "तू पन होजला हात लावू नको. मला ऐकू येत नाय."

हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं, आणि ते दुसऱ्याच कोणाबद्दल असावं तसं त्याला वाटलं.

जयप्रकाशने आधी आत हात घालून इंजिन बंद केलं. मग समोर येऊन सावकाश म्हणाला, "म्हाईत हाय, चाचा."

"कोनाला?"

"समद्यांना. शेठ सोडून." बॉनेटकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तारेत कटकट होतीय. इंजिनाकडच्या टोकाला. शुक्रवारपासनं."

"मग बोलला का नाय?"

"कसं बोलनार? तुमाला आवाज सांगायचा म्हंजे तुमचा कान गेला असं तोंडावर म्हनल्यासारखं. कुनाचंच तोंड उघडंना."

कासिमने तार काढली, खाच्यात काडी घालून खोली मोजली. नव्या इंजिनाचा खाचा जुन्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त आत होता. तारेचं टोक त्याच्या काठाला नुसतं घासत होतं, आत बसतच नव्हतं. नट नीट आवळला जात होता, म्हणून मोजायचं त्याला सुचलं नव्हतं. बहिऱ्या माणसाने तीन दिवस घालवले आणि बाकीच्यांनी तीन दिवस ऐकत काढले! त्याने बाहेरची नळी दोन सूत कापली, आतली तार तेवढीच पुढे आली. इंजिन सुरू केल्यावर काटा उठला आणि सहाशेवर थांबला. जयप्रकाशने हसून टाळी वाजवली.

कासिमने इंजिन बंद केलं.

"काटा चालला नसता, आन मी काय बोललो नसतो," त्याने विचारलं, "तर उद्या होज धरून उभा राहिला असतास?"

"तुमी म्हनाला असता, धर, तर धरला असता."

जयप्रकाशने हे अगदी सहज सांगितलं. कासिमने हातातला पाना खाली ठेवला. तीन-चार वर्षांनी त्याला भीती वाटत होती, खरीखुरी. घाम पुसून तो उठला आणि तडक शेठच्या ऑफिसात गेला.

शेठ फोनवर होता. कासिमला बघून त्याने हात उंचावला आणि फोनवरच्या माणसाला काहीतरी सांगायला लागला. स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून सांगत होता, म्हणजे नेहमीचंच कौतुक.

"फोन ठेवा, शेठ," कासिम म्हणाला. "आन माझ्याकडं बघून बोला. मला ऐकू येत नाय."