गल्लीने न भरलेली ओटी

आखाजीचे, म्हणजे अक्षय्यतृतीयेचे झोके अजून निंबावरून उतरले नव्हते, तोच माझ्या सासऱ्यांची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली. लग्न आधीच लागलं होतं, आता मला नांदायला न्यायचं होतं. मी तेरा वर्षांची. लुगडं नेसायची, तेही पायात अडकून पडायची! पण वडिलांनी शब्द दिला होता, मग बोलणंच खुंटलं.

आईचं मन मात्र मला पाठवायला तयार नव्हतं. आदल्या वर्षी शेजारच्या काकूंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती परत गेलीच नाही. माझ्याबरोबर झोक्यावर बसणारी पोर ती. तिची तान्ही मुलगी मग सगळ्या गल्लीने वाढवली. ज्या घरी बाळंतीण, त्या घरी तिला पाजायला न्यायचं. माझ्या आईनेही धाकट्या भावाबरोबर तिला अंगावर पाजलं.

आमच्याकडे सवाष्णींनी ओटी भरल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही. आई स्वतः गल्लीत बोलावणं करून आली. काय बोलून आली, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही. खण-नारळ मांडून ठेवले, पण एकही बाई फिरकली नाही. वडील चिडून काकूंच्या दारात गेले. मी त्यांच्या मागे. काकू तान्हीला कडेवर घेऊन बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "भाऊ, मन्ही पोर गयी. हाई पोर वाढू द्या. तवलग आम्ही ओटी नही भरसूत."

वडिलांना उलट बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. ते मान खाली घालून परत आले. सासऱ्यांनी आदळआपट केली, सोयरीक मोडायची भाषा केली. पण रिकाम्या ओटीने सून घरी न्यायची कशी? शेवटी गाडी तशीच माघारी गेली. सोयरीक काही मोडली नाही बरं! मी अठराची होऊन नांदायला गेले आणि माझी सगळी बाळंतपणं सुखरूप झाली.

त्यानंतर आमच्या गल्लीतून कोवळी पोर कधी सासरी गेली नाही. अंगठा उठवणाऱ्या बाया होत्या त्या, पण गावाला वळण लावलं त्यांनीच. मला अभिमान आहे त्यांचा, आणि का नसावा?

काकूंच्या नातीला न्यायला गाडी आली, तेव्हा ओटी भरायला मला मुद्दाम माहेरी बोलावलं. पहिली ओंजळ मीच घातली. निघताना नातीच्या तोंडावरून हात फिरवायला काकूंना टाचा उंच कराव्या लागल्या. तिची आई एवढी कधी झालीच नव्हती.